हन्स्पेलची मराठी शब्दसूची: नाशकातून तिसरी नोंद

हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या खुल्या प्रोग्रॅमच्या मराठी शब्दसूचीवर मी काम करतोय. तिच्या चाचणीला वर्तमानपत्री मराठी पुरत नाही, हे मागच्या खेपेला कळलं होतं. म्हणून या वेळी अण्णांची दिंडोरीच्या द्राक्षबागेची वही घेतली. खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंत सगळं तीत आहे: ओलांडा, काडी, विरळणी, भुरी कधी आली, फवारणी कसली केली. अर्धी मी टाइप केली, अर्धी बहिणीने.

सुरुवात आपल्या गावाच्या नावापासूनच अडली. ‘नाशिक’ सूचीत होतं, पण ‘नाशकात’ खाली लाल रेघ. अ‍ॅफ फाइलमध्ये, म्हणजे सूचीसोबतच्या प्रत्ययांच्या नियमांच्या फाइलमध्ये, नियम लिहिला: शेवटचा इकार आणि क काढा, ‘कात’, ‘काला’, ‘काहून’ जोडा. टर्मिनलवर ‘नाशकात’ दिलं आणि अधिकचं चिन्ह उमटून पुढे मूळ शब्द ‘नाशिक’ आला. म्हणजे त्याने प्रत्यय सोडवला. फार बरं वाटलं.

मग चूक केली. सूचीतल्या शब्दाला कोणता नियम लागतो हे सांगणारी खूण म्हणजे फ्लॅग. या नियमाचा फ्लॅग ‘-िक’ने संपणाऱ्या सगळ्या शब्दांना लावून टाकला. ‘मासकात’ आणि ‘सैनकाला’ बिनबोभाट पास झाले, आणि ‘मासिकात’ला लाल रेघ! मी ते पॅचमध्ये, म्हणजे सूचीत घेण्यासाठी पाठवायच्या बदलांत, तसंच पाठवलं होतं. तपासणाऱ्याला मराठी येत नाही, तरी त्याने नेमका प्रश्न विचारला: हा बदल शब्दाच्या शेवटावर ठरतो की शब्दावर? उत्तर लिहायला बसलो तेव्हा कापूस-कापसाचा, पाऊस-पावसात, तारीख-तारखेला अशी उदाहरणं सुचत गेली, आणि तत्सम शब्द या वाटेला जात नाहीत हे माझं मलाच नीट उमगलं. आता फ्लॅग एकेका शब्दाला हाताने लावतोय. वेळ लागतो, पण दुसरा मार्ग नाही.

दुसरं कोडं ‘वाऱ्याने’. वहीत हा शब्द वारंवार येतो, पण माझ्या पानांत तो बरोबर आणि बहिणीच्या पानांत लाल. डोळ्यांना काडीचा फरक दिसेना. शेवटी अक्षरं सुटी करून पाहिली. मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून ऱ काढतो. तिच्या फोनचा कीबोर्ड साधा र, हलन्त आणि पाठोपाठ न दिसणारं जोडचिन्ह टाकतो. दिसायला एकच, आत वेगळं. सूचीत दोन्ही रूपं भरणं म्हणजे ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’, ‘करणाऱ्या’ सगळंच दुप्पट. त्याऐवजी अ‍ॅफ फाइलमध्ये आयकॉन्व्हची एक ओळ घातली: आत येतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलायचं. तिची सगळी पानं एका ओळीत सुधारली.

उरलंय ते ‘बागेतल्यांनाही’. बागे-त-ल्यां-ना-ही, एवढी साखळी. ओपनऑफिसमधलं शुद्धलेखन तपासणारं जुनं मायस्पेल प्रत्ययाचा एकच थर सोडवायचं. लास्लो नेमेथ यांनी हंगेरियनसाठी हन्स्पेल घडवलं, कारण त्या भाषेतही शब्दाला शेपट्या जोडत जातात, आणि त्यात दोन थरांची सोय केली. त्यांच्या भाषेची अडचण होती, आणि कोड खुला असल्यामुळे आज दिंडोरीची वही त्यावर तपासली जातेय. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. मराठीला मात्र दोन थरही अपुरे पडतात, म्हणून ‘तल्यांना’ हा एकच प्रत्यय धरला आणि ‘ही’, ‘च’ दुसऱ्या थरावर ठेवले. नियमांची संख्या वाढली. ती अ‍ॅफ फाइलमधल्या त्या नियमगटाच्या वरच्या ओळीतल्या आकड्याशी जुळली पाहिजे, हे तुम्हीही विसरू नका. माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

पुढच्या आठवड्यात मधला इकार किंवा उकार गळणाऱ्या शब्दांची वेगळी यादी पाठवतोय. खारीक, तारीख, लाकूड, लसूण आहेत. बहीण नाही, कारण ‘बहिणीला’त इकार टिकतो. हरीण अडलंय: ‘हरिणाला’ आणि ‘हरणाला’ दोन्ही कानावर येतात, सध्या दोन्ही ठेवलीत. एखादं काढावं असं वाटत असेल तर कारणासकट कळवा.