तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला प्लॉट कुठे घेऊ?

"ताई, पंधरा लाख जमले आहेत. नागपुरात बेसा घेऊ की हिंगणा रोड?" मी दस्त लिहायचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा येतोच. मग मिहान प्रकल्प निघतो, समृद्धी महामार्ग निघतो. माझं उत्तर एकच: रोड नंतर ठरवा, आधी मौजा (महसुली गाव) आणि खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) मागा.

तो हाती आला की 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो. लोक मालकाचं नाव पाहतात आणि कागद घडी करून ठेवतात. तुम्ही 'इतर अधिकार'च्या रकान्यापर्यंत या. कूळ, बँकेचा बोजा, सगळं तिथे असतं. 'भोगवटादार वर्ग 2' लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही, विकणारा कितीही भला असो. फेरफारही, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीही, काढून वाचा. वारसांतून बहिणीचं नाव गळालेलं असेल तर ते तिथेच कळतं.

जुन्या लेआउटमध्ये नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल आहे का, ते बघा. विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याखाली मिळालेलं ते नियमितीकरणाचं पत्र नसेल तर घराचा नकाशा मंजूर होणं अवघड आणि बँकही हात आखडता घेते. नवा लेआउट 500 चौरस मीटरहून मोठा असेल तर महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, मागा. अशा प्रकल्पात करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आजच बयाणा द्या, उद्या भाव वाढेल" असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या.

हे मी इतकं कळवळून सांगते, कारण माझ्या काकांनी 36 किस्ती भरल्या होत्या. पिवळं पासबुक, प्रत्येक किस्तीसमोर जांभळा शिक्का, वर शाईने प्लॉट नंबर 47. रविवारी ते डबा घेऊन सीमेचा दगड बघायला जायचे. दगड खरा होता. पण ज्यांनी प्लॉट पाडले, त्यांनी कास्तकाराशी नुसतं इसारपत्र (बयाणा देऊन केलेला विक्रीचा करार) केलं होतं, विक्रीपत्र कधी झालंच नाही. सातबाऱ्यावर शेवटपर्यंत कास्तकाराचंच नाव राहिलं. 36 महिन्यांत एकदाही आमच्यापैकी कुणी तलाठ्याकडे गेलं नाही.

जागा बघायला पावसाळ्यात जा, तेही जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा भर वस्तीत पाणी घरांत शिरलं होतं. नाला कुठून वाहतो, हे उन्हाळ्यात कळत नाही. माती काळी असेल तर पायाचा खर्च वाढतो. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते.

आणि पंधराच्या पंधरा लाख प्लॉटमध्ये घालू नका. मुद्रांक शुल्क सरकारी दर आणि तुमची किंमत यांत जे जास्त असेल त्यावर लागतं. नोंदणीला एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. त्याची फी देताना हात जड होतो, हे मला रोज दिसतं.

येताना सातबारा घेऊन या. आपण दोघं मिळून वाचू.