फॅलसी कधी म्हणायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी इंग्रजी शिकवते आणि दर बॅचमध्ये कुणी ना कुणी हा प्रश्न काढतंच: लोकांच्या खोट्या समजुतीला मिथ म्हणायचं, मिस्कन्सेप्शन म्हणायचं की फॅलसी? डिक्शनरीत तिन्ही शब्द एकमेकांना खेटूनच उभे असतात. मग हाताला लागेल तो वापरला तर बिघडलं कुठे?

बिघडतं. माणूस नेमका कुठे चुकला, हे त्यामुळे झाकलं जातं.

१८ ऑगस्ट १९१३ ची माँटे कार्लोच्या कॅसिनोतली रात्र घ्या. रूलेटच्या, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या जुगाराच्या चाकावर गोळी काळ्या घरात पडायला लागली आणि पडतच राहिली, लागोपाठ २६ वेळा. पंधराएक वेळा काळं आल्यावर टेबलाभोवती गर्दी झाली आणि जो तो लालवर पैसे लावू लागला. काळं जितकं लांबत गेलं तितक्या लालवरच्या रकमा फुगत गेल्या. आता तरी लाल यायलाच हवं! लोकांचे लाखो फ्रँक बुडाले.

आता या लोकांची समजूत तपासून बघा. चाकावर लाल घरं १८, काळीही १८ आणि एक शून्याचं. हजारो वेळा चाक फिरवलं तर लाल आणि काळं साधारण सारखंच येणार, हे ते धरून चालले होते आणि ते बरोबरच होतं. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. ‘म्हणून आता लालची पाळी’ हे त्यातून निघत नाही, कारण गोळीला आधीचं काही आठवत नसतं. सत्ताविसाव्या वेळीही लालची शक्यता ३७ मध्ये १८, पहिल्या वेळेइतकीच. मनात खोटी माहिती नव्हती, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता. अशा चुकीला फॅलसी म्हणायचं. हिचं तर नावच गॅम्ब्लर्स फॅलसी, जुगाऱ्याची फॅलसी. कावळा बसला आणि फांदी तुटली म्हणून कावळ्यानेच ती तोडली असं मानणं, हीसुद्धा फॅलसीच.

याउलट खंड्याची गोष्ट. मेलेला खंड्या चोचीला दोरा बांधून टांगला तर त्याची छाती वाऱ्याच्या दिशेला वळते, असं एके काळी इंग्लंडात मानत. नॉर्विचचे डॉक्टर सर टॉमस ब्राउन यांनी खरोखरच खंड्या टांगून पाहिला. दोऱ्याच्या पिळाने पक्षी फिरू नये म्हणून बिनपिळाचं रेशीम घेतलं. पक्षी वाऱ्याकडे क्वचितच वळला. एका खोलीत दोन टांगले तर दोघांची तोंडं दोन दिशांना! ही झाली साधी खोटी समजूत, म्हणजे मिस्कन्सेप्शन. इथे वाद घालत बसायची गरज नाही, करून बघितलं की संपलं. माँटे कार्लोत मात्र करून बघणंच चाललं होतं आणि तरी कुणी शहाणं होत नव्हतं. म्हणून मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

ब्राउन यांनी अशा समजुतींवर १६४६ मध्ये एक जाडजूड ग्रंथच काढला. लोक त्याला ‘व्हल्गर एरर्स’ म्हणत. व्हल्गर म्हणजे इथे अचकटविचकट नव्हे, सर्वसामान्य लोकांतलं. सुरुवातीलाच त्यांनी समजुती कशा रुजतात याची कारणं दिली आहेत: भोळेपणा, आळस, जुन्यांचा शब्द प्रमाण मानणं आणि त्यातच फॅलसी. म्हणजे एरर हे फळ आणि फॅलसी हे त्याच्या कारणांपैकी एक. पावणेचारशे वर्षांपूर्वी इतकं स्वच्छ मांडलेलं वाचून मला आजही आनंद होतो.

रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस ‘इट्स अ फॅलसी दॅट…’ म्हणत सरळ खोटी समजूतच सांगतो. शब्दकोशांनीही तो अर्थ घेतलाय, त्यामुळे त्याखाली मी लाल रेघ मारत नाही. पण निबंधात फॅलसी लिहिलंत तर कुठली पायरी चुकली ते पुढच्याच वाक्यात दाखवा. दाखवता येत नसेल तर मिस्कन्सेप्शन लिहा. मिथ हा शब्द समाजात मुरलेल्या, पुन्हा पुन्हा सांगितल्या जाणाऱ्या समजुतीसाठी ठेवा. आणि देवादिकांच्या कथांनाही मिथ म्हणतात, हे लिहिताना विसरू नका.

काही शब्द समजुतीपेक्षा माणसालाच जास्त लागतात. सुपरस्टिशन म्हटलं की समोरचा मागासलेला ठरतो. डिल्यूजन तर मानसोपचारातला शब्द, पुरावा दाखवूनही न हलणाऱ्या समजुतीसाठीचा. ‘यू आर डिल्यूजनल’ असं ऑफिसच्या मेलमध्ये कुणाला कधीही लिहू नका. ‘ओल्ड वाइव्ज टेल’ बोलण्यात सर्रास येतं, पण त्यात सगळ्या म्हाताऱ्या बायका उगीचच बदनाम होतात, म्हणून मी ते वापरत नाही आणि शिकवतही नाही.

साहेबांची किंवा क्लायंटची चूक दाखवायची असेल तर ‘दॅट्स अ कॉमन मिस्कन्सेप्शन’ लिहा. त्यातलं कॉमन गाळू नका. अशी चूक पुष्कळांची होते, हे तो एक शब्द सांगतो आणि समोरच्याला मान खाली घालावी लागत नाही.