एका इंचाच्या रकान्यात रोडगा

निकाल लागून महिना झाला, तरी निबंधाच्या गुणांच्या तक्त्यातल्या त्या रकान्याचा राग डोक्यातून गेलेला नाही. म्हणून लिहून टाकतो.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. एम.ए.च्या पोरांना यंदा २० गुणांचा निबंध होता: कुठलीही एक विनोदी साहित्यकृती घ्या आणि त्यातल्या विनोदाचं विश्लेषण करा. ४१ निबंध आले. त्यातल्या २६ जणांची सुरुवात ‘विनोद हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे’ अशी. कुणी गाईडातून उचललं, कुणी मोबाईलला विचारलं, देव जाणे. तेव्हापासून मी पहिलं पान शेवटी वाचतो. दुसऱ्या पानापासून सुरू केलं की पोराला स्वतःचं काही सुचलंय का ते लवकर कळतं.

नाट्यशास्त्रातले हास्याचे सहा प्रकार निम्म्या निबंधांत होते. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित, सगळे ओळीनं. पण भरतमुनींनी ते हसणाऱ्याच्या प्रकृतीवरून पाडलेत, उत्तम, मध्यम आणि अधम अशा प्रत्येकी दोन. पोरांनी मात्र ‘या कथेत सहाही प्रकारचे विनोद आढळतात’ असं ठोकून दिलेलं. असं सात-आठ वेळा वाचल्यावर तपासणाऱ्याचं स्वतःचं हसू आटतं. एका बैठकीत दहाच्या पुढं जाऊ नका. मी पहिल्या रात्री अठरा तपासले आणि दुसऱ्या दिवशी त्यातले पाच परत काढावे लागले. चांगला निबंधही मला फालतू वाटला होता.

‘विसंगतीतून विनोद निर्माण होतो’ हे वाक्य तर सगळ्यांकडं. त्यावर माझा एकच प्रश्न असतो, विसंगती कशाची कशाशी? दोन्ही बाजू नावानिशी सांगितल्या की गुण, नाहीतर शून्य.

पालम तालुक्यातल्या एका पोरानं त्या सांगितल्या. त्यानं संत एकनाथांचं रोडग्याचं भारूड घेतलं होतं (रोडगा म्हणजे कणकेची जाड भाकर). सून भवानीआईला साकडं घालते. सासरा गावी गेलाय, ‘तिकडेच खपवी त्याला’. सासू जाच करते, तिला निर्दाळ. असं करत दादल्यापर्यंत सगळे. पोरानं लिहिलं, ‘एवढ्या माणसांच्या बदल्यात देवीला मिळणार काय, तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला एक रोडगा.’ पुढं लिहिलं, ‘नणंदेच्या पोराला मात्र मरण मागितलेलं नाही, नुसती खरूज. इतक्या मोठ्या मागण्यांमध्ये एवढी बारकी मागणी आली की आमच्या आज्जीला सगळ्यात जास्त हसू येतं. बाप्ये दादल्याच्या ओळीला गप होतात.’ शेवटच्या ओळीतलं ‘एकटीच राहू दे मला’ हे सगळ्या पाशांतून सुटणं आहे आणि तिथं हसू थांबतं, हेही त्यानं दोन ओळींत मांडलं होतं. भाषा घरची, प्रस्तावना नाही, व्याख्या नाही. मी १७ दिले.

बाहेरच्या परीक्षकांनी दिले ८. शेरा: ‘विनोदाची व्याख्या नाही. बोलीभाषेचा वापर.’

आमच्याकडं दोघांच्या गुणांत पाचांहून जास्त फरक पडला की निबंध तिसऱ्याकडं जातो. पण त्याआधी पहिल्या परीक्षकानं एक तक्ता भरायचा असतो. त्यात शेवटचा रकाना ‘तफावतीचे कारण’. रुंदी एक इंच. माझं सगळं गाडं तिथं अडकलं.

पहिल्यांदा मी एक पान लिहून तक्त्याला जोडलं. आठ दिवसांनी परत आलं, ‘जोडपत्र ग्राह्य नाही’. ४० किलोमीटर एसटीनं जाऊन परीक्षा विभागात उभा राहिलो. त्या दिवशीचे माझे दोन तास बुडाले. तास बुडाला की पैसे बुडाले, आणि तपासणीचे वेगळे पैसे नाहीत. खिडकीतले बाबू म्हणाले, “सर, काहून एवढी घाई करायले? रकान्यात मावंल एवढंच लिवा ना.”

लिहिलं. ‘विद्यार्थ्याने विनोदाचे विश्लेषण समर्पक केले आहे.’ ते सहा दिवसांनी परत. ‘मोघम.’

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. विनोद एका इंचात समजावून सांगायचा, वर मोघम नको! विभागप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले, “पोराला १२ करून टाका, फरक चारावर येईल, विषय संपेल.” सोपं होतं. खरं सांगायचं तर एसटी स्टँडवर बसून मी पाच मिनिटं तसा विचारही केला. मग पिशवीतून पोराच्या निबंधाची झेरॉक्स काढली. (निबंध जमा करण्याआधी खुणा केलेल्या पानांची झेरॉक्स काढून ठेवा. ती नसती तर मला त्याची वाक्यं आठवलीही नसती.) तिसऱ्या तक्त्यात बारीक अक्षरात लिहिलं: ‘एवढ्या माणसांच्या बदल्यात एकच रोडगा, ही विसंगती विद्यार्थ्याने स्वतः शोधली.’

बाबूंनी वाचलं, तक्ता उलटा करून पाहिला, पुन्हा वाचलं. “माणसं कुठली सर?” मी सांगितली. सासऱ्यापर्यंत ते गंभीर होते. खरजेला हसले. शिक्का मारला.

अजून एक राहिलं. गुण भरायच्या पोर्टलवर अर्धा गुण चालत नाही, त्यामुळं तपासतानाच पूर्ण आकडा ठरवा, आणि आधी पेन्सिलीनंच लिहा. आणि वर्गात निबंध देतानाच सांगा की हसू आलं ती ओळ जशीच्या तशी उतरवायची. मी हे यंदा सांगितलं नव्हतं, माझीच चूक. सांगितलं असतं तर गोषवारा लिहिणारे निम्मे तरी कमी झाले असते.

तिसऱ्या परीक्षकांनी १५ दिले. जवळच्या दोघांची सरासरी धरतात, म्हणून १६. एकूण पाच आठवडे आणि तीन चकरा.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी पोराचा फोन आला. मला वाटलं, आभार मानेल.

“सर, चार मार्क कुठं गेले?”