तुमचा काय संबंध, डॉक्टर?

लग्नात, दहाव्याला, एसटीत, तहसीलच्या पायऱ्यांवर, कुठंही गाठ पडली की विचारणा ठरलेली. "तुमची जमीन नाही, बांध नाही, मग गायरानाचे कागद मागून तुम्हाला मिळतं काय?" काही जण हे हसत विचारतात, म्हणजे मी कागद काढतो आणि मागच्या दारानं मिटवतो, असा अर्थ. काहींना खरोखर कळत नाही. हल्ली तिसरी जात निघालीय, तरुण पोरांची: "काका, सातबारा तर मोबाइलवर दिसतो. माहिती अधिकारात अर्ज कशाला करता?"

आधी पोरांना सांगतो, ते सोपं आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाका. शेजाऱ्याचं क्षेत्र, त्याच्या बहिणींची नावं, सोसायटीचा बोजा, सगळं दिसतं. 15 रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा मिळतो. आता गायरानाचा गट टाका. भोगवटादार सरकार, इतर हक्कात गुरचरण, खेळ खलास. त्या जमिनीवर आज कोण बसलंय, कधीपासून, दंड किती लावला, हे असतं गाव नमुना एक-ईमध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत. सरकारनं कुणाला वर्ग 2 म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय विकता येणार नाही अशा अटीवर, काय दिलं ते एक-कमध्ये. या वह्या तलाठ्याच्या दप्तरात. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. वह्या त्याच.) माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की कार्यालयांनी आपणहून जास्तीत जास्त माहिती लोकांपुढं ठेवावी. कायदा 2005 चा आहे. आमच्या तालुक्यात मी अजून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून, 150 शब्दांत आणि एकाच विषयावर, तीच माहिती मागतोय. उत्तर येतं, "मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित आहे." शेतकऱ्याचं कर्ज जगाला दिसतं आणि सरकारी जमीन त्रयस्थाची!

राहिला संबंध. कलम 6(2) म्हणतं, अर्जदाराला कारण विचारायचं नाही. पूर्वी मी एवढंच सांगून गप्प बसवायचो. ते उत्तर खरं आहे, पण समोरच्याला पटत नाही, आणि आताशा मलाही पुरत नाही. तर घ्या. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणून गावं मला डॉक्टर म्हणतात. नोकरीभर गोठ्यांतून आणि वस्त्यांवरून हिंडलो. पशुगणनेला जनावरं मोजायचो. ती चरतात कुठं, हे लिहायची जागा माझ्या फॉर्मात नव्हती. डोळ्यांदेखत चराऊ रानं आकसत गेली. शेळ्या रस्त्याच्या कडेला, मेंढपाळ दर वर्षी आणखी लांब. निवृत्तीनंतर ते कुणी खाल्लं हे बघावंसं वाटलं, यात नवल काय? हौस म्हणा. डोकं फिरलंय म्हणा. बायको तेच म्हणते. 13 जानेवारी 2010 ला तळेगाव दाभाड्यात माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला, तेही जमिनीचेच कागद काढत होते. तेव्हापासून ती मला पहाटे एकट्याला फिरायला सोडत नाही.

आता ज्या गावाबद्दल तुम्ही सगळे आडून विचारता, ते सांगतो. नाव लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

त्या गावाच्या गायरानात एक मंगल कार्यालय पसरलंय. इमारत मालकीच्या गटात. स्वयंपाकाची शेड, गाड्या लावायची जागा आणि ती रोषणाईची कमान गायरानात. माझ्या पुतण्याचं लग्न तिथंच झालं, मी पंगतीत बसलो होतो, हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही लिहाल. मी एक-ईची प्रत मागितली. त्रयस्थ, मग पहिलं अपील, मग एकदाची पाहणी मिळाली. कारकुनानं वही समोर टाकली. तीन-चार वेगवेगळ्या शायांत नोंदी. अतिक्रमणाचं स्वरूप: कुडाचे घर. पत्र्याचे शेड, एक खण. ज्वारी, 20 आर. कुडाचे घर. खाली खाली बोट नेत शेवटच्या पानापर्यंत गेलो. मंगल कार्यालय नाही.

मी विचारलं. कारकून म्हणाला, "साहेब, मोजणी झाल्याशिवाय नोंद कशी घेणार?"

"या कुडाच्या घरांची मोजणी झाली होती?"

"त्याला कशाला मोजणी? ते तर दिसतंच की."

मी प्रती घेतल्या, पानाला 2 रुपये. ग्रामसभेत वाचून दाखवल्या, कारण मला वहीत काय नाही ते दाखवायचं होतं. सभेनं वहीत काय आहे ते ऐकलं. पुढं 2022 च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेर काढा म्हणून सांगितलं आणि राज्यभर नोटिसा निघाल्या. आमच्याकडंही निघाल्या. वहीत ज्यांची नावं, त्यांना.

वस्तीवरची एक बाई मला बाजारात भेटली. तिच्या शेळ्यांना मी पीपीआरची लस टोचलेली, तिच्या सासूच्या काळापासून त्या दारात चहा प्यायलेला. म्हणाली, "डाक्टर, कागद तुमीच काढला म्हनं?" मी न्यायालय, आदेश, महसूल खातं असं सांगायला लागलो. तिनं मध्येच तोडलं. "आमी तितं ऱ्हातो हे तुमाला म्हाईत नव्हतं का? सुई टोचायला येत व्हते की. मंग कागद कशाला लागला?"

मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर सुचली, बरीच. नोटिसा माझ्या अर्जावर निघाल्या नाहीत. नावं वहीत आधीपासून होती. माहिती लपली म्हणून गरीब वाचतो असं नसतं. वाचतो तो कमानवाला. शिवाय 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयात 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करायची सोय आहे, आणि तिचा पुरावा म्हणून एक-ईची नोंदही चालते. म्हणजे नोटीस आणणारी वही हीच गरिबाची जागा टिकवणारीही आहे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून मराठवाड्यातल्या लोकांनी हे कागद मिळवायला काय काय भोगलंय. हे सगळं बरोबर आहे. तरी ग्रामसभेत नावं न वाचता भागलं असतं का, या प्रश्नावर मी दोन्ही बाजूंनी भांडून थकलोय. कधी वाटतं, भागलं असतं. कधी वाटतं, नावं गाळली असती तर कमान गाळलीय हे कुणाच्या लक्षात आलं असतं?

तिच्या सासऱ्याची नोंद निघाली ती 1996 ची. कुटुंब म्हणतं, त्याच्या कितीतरी आधी झोपडी होती, दंडाची पावतीसुद्धा फाडली होती; पावती पुरात गेली. मग जुनी एक-ई मिळावी म्हणून मी तिच्या वतीनं अर्ज लिहिला. उत्तर: "सदर अभिलेख आढळून येत नाही." महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 मध्ये अभिलेख जपण्याची जबाबदारी ठरवलीय, बेकायदा नष्ट केला तर 5 वर्षांपर्यंत कैद आहे. हे मी अपिलात लिहिलं. अपिलीय अधिकाऱ्यांनी "शोध घेऊन कळवावे" असा आदेश दिला. शोध चालू आहे.

अतिक्रमणं काढायची मोहीम पुढं थंडावली. घरं उभी आहेत, कमानही उभी आहे, नोटिसा पेटीत आहेत.

आता 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराच्या आमच्या आठ-एक-जेला, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या कलम 8(1)(जे) ला, हात घातलाय. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे दाखवावं लागायचं आणि व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागायची. ती शब्दरचना गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये बदल लागूही झाला. जनहिताची वाट कलम 8(2) मध्ये उरलीय, पण ती दाखवायला अपिलापर्यंत जावं लागणार. या बदलाविरुद्धच्या निवेदनावर मी सही केली. कार्यकर्त्या मित्रांना वाटलं मी सगळ्यांत आधी करीन; मी आठवडाभर कागद घरी ठेवला होता. कारण "वैयक्तिक" म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं कमानवाला येत नाही, ती बाई येते. आणि कार्यालय उद्या या कलमाचा आडोसा घेईल तो तिच्यासाठी नाही, कमानवाल्यासाठी. दोन्ही मला एकदम दिसतं, म्हणून भाषण जमत नाही.

सध्या मी भूमी अभिलेखकडं मंगल कार्यालयाच्या गटाच्या मोजणीची नक्कल मागितलीय. नाव कुणाचंच नाही, फक्त गट नंबर आणि हद्द. त्यांनी तो अर्ज कलम 6(3) खाली, म्हणजे माहिती दुसऱ्या कार्यालयाकडं आहे म्हणून, तहसीलकडं पाठवला. तहसीलनं परत भूमी अभिलेखकडं. दुसरं अपील टाकून ठेवतोय, 90 दिवसांची मुदत सुटायला नको.