आपलं गाणं असताना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याची मावशी दर फोनला विचारते, "एवढी वर्षं ख्याल शिकलीस, आता त्या फिनिश क्वायरमध्ये जाऊन उभी राहतेस. आपलं गाणं असताना तिथे काय मिळतं तुला?" इथे फिनलंडमध्ये गणपतीला भेटणारी मराठी मंडळी अहो-जाहो करून तेच विचारतात. घाईत मी "छान वाटतं" म्हणून वेळ मारून नेते. पण या प्रश्नाला माझ्याकडे खरं उत्तर आहे, आणि त्यासाठी शब्द आपल्याच मराठीतला आहे: झील.

कीर्तनात बुवांच्या मागे उभे असलेले झीलकरी आठवा. बुवांची ओळ संपत येते तोच ते ती उचलतात आणि बुवांना दम घ्यायला सवड मिळते. फिनलंडच्या जुन्या लोकगीतांची, म्हणजे रूनोंची रीत याच्या फार जवळची होती. अठराव्या शतकात हेन्रिक पोर्थान या विद्वानाने तिचं वर्णन करून ठेवलं आहे. गाणारे दोघं. एक जण ओळ सुरू करतो, दुसरा शेवटच्या अक्षरांत त्याला येऊन मिळतो आणि मग तीच ओळ एकटा पुन्हा म्हणतो. तेवढ्यात पहिल्याला पुढची ओळ आठवते. हे वाचलं तेव्हा मला इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्या माणसांत बसल्यासारखं वाटलं.

ही गाणी एलियास ल्योनरूत नावाच्या डॉक्टरांनी गावोगाव पायपीट करून उतरवून घेतली. त्यातून 1835 मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य झालं आणि 1840-41 मध्ये 'कान्तेलेतार' हा गीतसंग्रह. देश तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि शिकल्यासवरल्यांची भाषा होती स्वीडिश. ज्या भाषेला दिवाणखान्यात जागा नव्हती तिच्यात एवढं धन निघालं, आणि पुढे शहरातले गानवृंद तेच गाऊ लागले.

या सगळ्यात मला सारखी आठवते ती लारिन पारास्के. इंग्रिया म्हणजे पीटर्सबर्गच्या आसपासचा मुलूख, तिथली ही गरीब विधवा, लिहिता-वाचता न येणारी. पीटर्सबर्गच्या अनाथालयातली मुलं पैसे घेऊन सांभाळायची. तिच्या तोंडून सुमारे 1,200 गाणी लिहून घेतली गेली. 1891 मध्ये ती पोर्वो गावात राहत असताना तरुण फिनिश संगीतकार सिबेलियस तिचं गाणं ऐकायला गेले. ते स्वतः स्वीडिश बोलणाऱ्या घरातले. पुढच्याच वर्षी, 28 एप्रिल 1892 ला, हेलसिंकीत त्यांचं 'कुल्लेर्वो' सादर झालं: मोठा वाद्यवृंद, दोन एकल गायक आणि पुरुषांचा क्वायर. कथा कालेवालातली.

त्याच्या तिसऱ्या भागात क्वायर येतो तो पाच मात्रांत. रूनोची ओळ आठ अक्षरांची असते. हातावर मोजून बघा: कुल्-लेर्-वो का-लेर्-वोन पोइ-का. जुन्या चालीत पहिली सहा अक्षरं तीन मात्रांत भरभर जातात आणि शेवटच्या दोन अक्षरांना एकेक मात्रा मिळते. गुरुजींनी झपतालाचे दोन-तीन दोन-तीन हातावर घटवून घेतले होते, त्यामुळे रूनोची चाल मला कुणी शिकवावी लागली नाही. पहिल्या तालमीतच हात आपोआप चालू लागला. शेवटची दोन अक्षरं लांबतात ना, तीच मागच्याने उचलायची जागा. झीलेसाठीच ठेवल्यासारखी.

पण मला सगळ्यांत प्रिय आहे ते 'राकास्तावा', म्हणजे प्रेमात असलेलं माणूस. शब्द कान्तेलेतारचे. सिबेलियसनी ते 1894 मध्ये पुरुष क्वायरसाठी एका स्पर्धेला लिहिलं आणि दुसरा क्रमांक मिळाला. पहिल्या आलेल्या गाण्याची आज फारशी कुणाला आठवण नाही. 1898 मध्ये त्यांनी ते स्त्री-पुरुषांच्या मिश्र क्वायरसाठी पुन्हा बांधलं, आम्ही तेच गातो. त्यात एक जीव रानातून आपल्या माणसाचा माग काढत चालला आहे. इथून ते गेलं, या दगडावर बसलं, म्हणून हा दगड बाकीच्या दगडांहून उजळ. आणि मग:

कंगास काहता काउनीहिम्पी,
लेहतो वीत्ता लेम्पेआम्पी,
कोर्पी कूत्ता कुक्काहाम्पी.

माळ दुपटीने सुंदर झाला, राई पाचपट मायाळू, निबिड अरण्य सहापट फुललेलं. यमक नाही. ओळ बांधून ठेवतो तो अनुप्रास. 'कूत्ता'तला त जोडून म्हणावा लागतो आणि ऊ पुरता लांबवावा लागतो, नाहीतर अर्थ हातचा जातो. फिनिशमध्ये 'तुली' म्हणजे आग आणि 'तूली' म्हणजे वारा. मका आणि मक्का यातला फरक लहानपणापासून कानात असलेल्या माणसाला जोडाक्षरं सोपी जातात. दीर्घ स्वरांवर मात्र मला अजून मेहनत घ्यावी लागते.

मावशीला याचा अर्थ सांगताना अडले. इथून 'तो गेला' म्हणू की 'ती गेली'? फिनिशमध्ये तो आणि ती यांना एकच शब्द आहे आणि क्रियापदालाही लिंग नाही. त्यामुळे बास म्हणजे सर्वांत खालचा सूर गाणारे वृद्ध गायक आणि सोप्रानो म्हणजे सर्वांत वरचा सूर गाणारी विशीतली मुलगी तीच ओळ गातात, आणि ती दोघांचीही असते. मराठीत मला एकाला वगळावं लागलं.

पुढे कूला, मादेतोया, राउतावारा असे कितीतरी फिनिश संगीतकार याच झऱ्यावर आले. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला एका वेगळ्याच गाण्यात मिळालं. आलेक्सिस किवींच्या 1870 च्या 'सात भाऊ' कादंबरीतलं एक अंगाईगीत सिबेलियसनी 1898 मध्ये क्वायरसाठी बांधलं. आई बाळाला म्हणते, तुओनीच्या रात्रीच्या राईत मऊ वाळूचा पाळणा आहे, तिथे मी तुला पोचवते. तुओनी म्हणजे मृत्यू. तिथे तू धन्याच्या शेतात त्याची गुरं राख, हे कपटी जग तिथून लांब आहे. वाद्य एकही नाही, आणि सगळं अगदी हळू.

नोव्हेंबरातली तालीम, बाहेर चार वाजताच काळोख. आमच्या बाईंनी बजावलं होतं, शेजारणीबरोबर श्वास घेऊ नका, तिच्या आधी नाहीतर नंतर घ्या, ओळ तुटता कामा नये. ख्याल गाताना श्वास माझा एकटीचा असतो. तो तुटला की गाणं तुटतं. इथे चाळीस माणसं मिळून एक ओळ धरतात, कुणा एकाच्या छातीत मावणार नाही एवढी लांब.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई गातात. पाळण्याच्या ओळीला त्या थांबल्या. वही हातात तशीच उघडी, नजर वहीवर. मी त्यांच्या वाटचा सूर जरा भरून गायले, मागून बासही तसाच चालू राहिला. समोरून ऐकणाऱ्याला काही कळलं नसतं. गुरांच्या ओळीला त्या हळूच परत आल्या, शेवटच्या दोन अक्षरांत.

तालीम संपल्यावर त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली आणि वहीत पाळण्याच्या शब्दाशेजारी श्वासाची छोटी खूण केली.