लॉगबुकमधली लाल सही

अमृतमहोत्सवाची पत्रिका बॅचच्या ग्रुपवर पडली तेव्हा मी कारखान्यात होतो. खाली स्मरणिका समितीची ओळ : माजी विद्यार्थ्यांनी शाळेविषयी मनोगत पाठवावे. लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. दोन्ही वेळा तिसऱ्या ओळीत सर आले आणि शाळा राहूनच गेली. आता तसंच राहू देतो, बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

सर म्हणजे आपले स्काऊटचे सर. शनिवारी सकाळी मैदानावर त्यांची शिट्टी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना नाव सांगायला नको. मी आठवीत गणितात १७ मार्क मिळवून प्रगतिपुस्तक दप्तराच्या तळाशी दडवणारा मुलगा. त्याच वर्षी सरांनी मला संघनायक केलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोरी मात्र माझ्या हाताला लागली. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाईन या गाठी डोळे मिटून यायच्या. नववीत जिल्हा मेळाव्यात प्रथमोपचाराला पहिला नंबर आला आणि पुढे कितीतरी दिवस माझी कॉलर खाली बसली नाही.

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे गाढ झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाच्या धक्क्यानं आमच्या सोलापुरातही मांडणीवरची भांडी खणखणली. आम्ही गल्लीत आलो, थोडी थट्टामस्करी केली आणि परत झोपलो. किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर आली ती उजाडल्यावर. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीनं लादलेली माळवदं, ती झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे दहा हजार माणसं गेली.

शाळेत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कपड्यांचे ढीग लागले. आम्हा मोठ्या पोरांना ट्रकमध्ये बसून किल्लारीला जायचं होतं. सर म्हणाले, "तिकडं बघ्यांची गर्दी कमी आहे का, की तुम्ही पण चाललात?" आणि आम्हाला सिव्हिलला नेलं. जखमींना तिकडून सोलापूरला आणत होते. वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकलेल्या. मी स्कार्फ नीट करून, बँडेजची पिशवी खांद्याला लावून तयार. सरांनी माझ्या हातात पितळी तांब्या दिला.

"सर, मला बँडेज येतं."

"डॉक्टरांनाही येतं. पाणी द्यायला कुणी नाही."

चार दिवस मी फक्त पाणी दिलं. पहिले दोन दिवस फुगलेल्या तोंडानं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या एक आजी पाणी घेईनात. कंबरेला मार होता, नजर छताला. मी तांब्या पुढे केला तशी मनगट धरून म्हणाल्या, "लेकरा, माझी म्हस दाव्याला हाय. सोडली का रं कुनी?" गाव कुठलं, घर कुठलं, मला काय ठाऊक? मी म्हणालो, "सोडली आजी. मी बघितली, चरत होती." त्यांनी मनगट सोडलं.

रोजचं सत्कृत्य होईपर्यंत स्कार्फच्या टोकाला गाठ ठेवायची आणि संध्याकाळी ते लॉगबुकात लिहायचं, हा सरांचा शिरस्ता तुम्हाला माहीत आहे. त्या संध्याकाळी मला गाठ सोडवेना. स्काऊट विश्वसनीय असतो, हा पहिलाच नियम! शेवटी लिहिलं : 'एका आजींना खोटं सांगितलं.' वही सरांपुढे धरली आणि कान पिळला जायची वाट बघत उभा राहिलो.

सरांनी दोनदा वाचलं.

"मग पाणी प्यायल्या का त्या?"

"प्यायल्या सर. अर्धा तांब्या."

"ते लिही की मग."

मी खाली लिहिलं. सरांनी लाल पेनानं सही केली, तारीख घातली आणि पुढच्या पोराची वही ओढली. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर दुसऱ्याच बाई होत्या. कुणाला विचारायचं धाडस मला झालं नाही.

आज अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, ४२ माणसं कामाला आहेत. (बढाई वाटली तर वाटू द्या, १७ मार्कवाल्यानं एकदा तरी मारावी.) वर्षातून दोनदा कारखान्यात रक्तदान शिबिर असतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही शिरोळकडे टेम्पो घेऊन गेलो. सोबतचे लोक टॉवेल-चादरी भरत होते, मी पाण्याचे जार आधी चढवायला लावले. सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला घोटभर नाही, अशी तिथली अवस्था होती. टेम्पोपुढे उभं राहून फोटो काढायला निघालेल्या आमच्यातल्या एकाला मी सरांच्या आवाजात झापलं. आवाज कुठून आला, मलाच कळलं नाही.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. आपण तंबू ठोकायचो तिथं आता गाड्या लागतात. स्काऊटचा तास वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणित चालू होतं. 'खरी कमाई' म्हणून मुलं खाऊचे स्टॉल लावतात. सामान आईचं, गिऱ्हाईक बाबा. आम्ही पेठेत सायकली पुसून, दळण आणून, चार-आठ आणे गोळा करायचो आणि हिशेब चुकला की सर पुन्हा पेठेत पाठवायचे. असो, मी चिडतो आणि बायको म्हणते, म्हातारे झालात.

सर आता नाहीत. त्यांना आपण मेळाव्यात बोलवायला हवं होतं, दहा वर्षांपूर्वीच.

प्रदर्शनासाठी समितीनं जुन्या वस्तू मागवल्या आहेत. माझं लॉगबुक या लेखासोबतच पाठवतो आहे. पानं सुटी झालीत, जपून हाताळा. आणि समारंभ झाला की आठवणीनं परत करा.