नैसर्गिक, पण माझ्या त्वचेला चालेल असं

नैसर्गिक प्रसाधनांकडे मी हौसेने वळले नाही, गरज पडली म्हणून वळले. पापण्या सुजायच्या, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे उठायचे, रात्री झोपेत खाजवून सकाळी कातडी सोललेली असायची. जवळच्या मेडिकलमधून मिळालेल्या ट्यूबने चार दिवस बरं वाटे आणि ती थांबवली की दुपटीने परत. ती ट्यूब स्टिरॉइडची होती. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी ती काउंटरवर सहज मिळतात. चेहऱ्यावर लावत राहिलं तर त्यांनी कातडी पातळ होते. तुमच्यापैकी कुणी अशी ट्यूब वापरत असेल तर स्वतःच्या मनाने ती एकदम बंदही करू नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उटणं, लेप वगैरे सगळं त्यानंतर.

मला डॉक्टरांनी पॅच टेस्ट करायला सांगितली. पाठीवर अॅल्युमिनियमच्या छोट्या चपट्या वाट्या चिकटवतात, प्रत्येकीत एकेक संशयित पदार्थ. सोमवारी लावल्या की बुधवारी काढून बघतात आणि शुक्रवारी पुन्हा बघतात, कारण ही अॅलर्जी उशिरा उमटते. तोवर पाठ भिजवायची नाही, घामही येऊ द्यायचा नाही. मुंबईत हे मे महिन्यात कसं जमणार? म्हणून मला जानेवारीतली तारीख मिळाली, आणि लोकलच्या गर्दीत पट्ट्या सुटू नयेत म्हणून तो आठवडा मी रजाच टाकली.

शुक्रवारी एका वाटीच्या जागी बोटाला लागेल असा लाल उंचवटा होता. तिथे फ्रॅग्रन्स मिक्स लावलेलं होतं. म्हणजे सुगंधी द्रव्यांचं मिश्रण, आठ घटकांचं. डॉक्टरांनी त्यांची नावं कागदावर लिहून दिली, आणि माझ्या दृष्टीने पुढच्या सगळ्या शोधाची दिशा त्या कागदाने ठरली. सिनॅमल दालचिनीत असतं. युजेनॉल लवंगेत असतं, तुळशीतही. जिरॅनिऑल गुलाबात. ओकमॉस म्हणजे झाडाच्या सालीवर वाढणारं एक प्रकारचं दगडफूल, आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यातलं. ही द्रव्यं कारखान्यात बनोत की झाडापासून निघोत, त्वचेच्या लेखी त्यांच्यात फरक नाही. (खाण्याने मला काही होत नाही. घरात गोडा मसाला पूर्वीसारखाच होतो.)

इथे मला खूप काही उलगडलं. मैत्रिणी, ऑफिसातल्या ताया, सगळ्यांचा सल्ला एकच होता: केमिकल सोड, नैसर्गिक घे. आणि नैसर्गिक म्हणून दुकानात जे मिळतं ते बहुतेक वासावर विकलं जातं. गुलाबाचं टोनर, लवंग-तुळशीचं फेसवॉश, लिंबाच्या तेलाचा साबण. जवळजवळ माझ्या कागदावरचीच यादी, सुंदर बाटल्यांत भरलेली. लिंबू-संत्र्याच्या तेलातलं लिमोनीन आणि लव्हेंडरमधलं लिनालूल हवा लागून जुनं होत गेलं की त्याची अॅलर्जी येण्याची शक्यता आणखी वाढते, हेही तेव्हाच कळलं. मला नैसर्गिक गोष्टींपासून दूर जायचं नव्हतं. मला त्यातलं बिनवासाचं शोधायचं होतं.

मग बाथरूममधलं फडताळ रिकामं करून सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि पुढची बाजू बघायचीच नाही, फक्त मागची वाचायची असं ठरवलं. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. त्यांनुसार घटकांची यादी छापावी लागते आणि १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. हा एक नियम माहीत असला की किती समजतं! पुढे कोरफडीचं मोठं हिरवं पान छापलेलं असतं आणि मागे कोरफड यादीच्या शेपटीला, परफ्यूमच्या शेजारी. पण 'नॅचरल' किंवा 'ऑरगॅनिक' कशाला म्हणावं याची व्याख्या त्या नियमांत नाही. क्रीमवर कॉसमॉस किंवा इकोसर्टचा शिक्का असेल तर तो खासगी मानकांचा असतो. त्याला अर्थ आहे, शेतमाल कसा पिकवला ते त्यातून कळतं, पण सेंद्रिय गुलाबातही जिरॅनिऑल असतंच.

आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनलेल्या क्रीमचं लेबल आणखी वेगळं. प्रत्येक १० ग्रॅममध्ये कोणती वनस्पती किती, हे नीट दिलेलं असतं आणि शेवटी बरेचदा 'क्रीम बेस, क्यू. एस.' एवढंच. क्यू. एस. म्हणजे 'लागेल तेवढं'. त्या बेसमध्ये सुगंध आहे का हे मला जाणून घ्यायचं असायचं, तर त्यासाठी कंपनीला फोन करावा लागायचा. काहींनी सरळ उत्तर दिलं, काहींनी 'मॅडम, सगळं हर्बल आहे' यापलीकडे काही सांगितलं नाही. ज्यांनी सांगितलं नाही त्यांचं मी घेत नाही. आणि 'अनसेंटेड' लिहिलेलंही तपासून घ्या, मूळ वास झाकण्यासाठी त्यात कधीकधी सुगंध घातलेला असतो. 'फ्रॅग्रन्स-फ्री' हा शब्द जास्त भरवशाचा, तरी यादी वाचायचीच.

वाचून झाल्यावर टेबलावर फारच थोडं उरलं. त्याचं मला दुःख झालं नाही. खरं तर बरं वाटलं.

खरेदीला मी दादरला काष्ठौषधींच्या दुकानात गेले. तिथे शिरताच वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी यांचा जो वास येतो तो मला अजूनही अतिशय आवडतो. दुकानदारकाकांनी तयार उटण्याचा डबा पुढे केला. "ताई, हे न्या, वास बघा." मी त्यांना अडचण सांगितली. त्यांनी डबा मागे ठेवला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग गव्हला-कचोरा नको, वाळा नको, नागरमोथा नको, चंदन नको. मसुराच्या डाळीचं पीठ घ्या घरचं आणि त्यात थोडी मुलतानी माती. बाकी कशाला?" इतका नेमका सल्ला मला कुठल्याच चकाचक काउंटरवर मिळाला नव्हता. अख्खी शिकेकाई आणि रिठेही तिथूनच घेतले. भुकटी घेतली नाही, कारण तिच्यात काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. पीठगिरणीत शिकेकाई दळून देत नाहीत, तिच्या खाटाने सगळ्यांना शिंका येतात, म्हणून मी शेंगा ठेचून रिठ्यांच्या सालांबरोबर रात्री भिजवते आणि सकाळी उकळून गाळते. डोळ्यांत गेलं तर सणकून झोंबतं, तेवढं सांभाळा.

घरी आणलेली प्रत्येक वस्तू थेट चेहऱ्यावर लावायची नाही. कोपराच्या आतल्या घडीवर रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, निदान आठवडाभर. धुऊन टाकायची वस्तू असेल तर नेहमी ठेवतो तेवढाच वेळ ठेवून धुवायची. एका वेळी एकच वस्तू. या पायरीला लोक कंटाळतात, पण माझा सगळा आत्मविश्वास इथून आला.

मॉइश्चरायझरचा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्या मालवणच्या. माझे सोललेले कोपर पाहून म्हणाल्या, "भिरंडेल लाव गो, किती ती क्रीमं." भिरंडेल म्हणजे कोकमाचं तेल. कोकमाच्या बियांतला गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगतं ते तेल काढून घेतात आणि थंड झालं की त्याचे गोळे वळतात. माझ्याकडे आलेला गोळा फिकट पिवळसर, अंड्याएवढा, मेणासारखा कडक होता. सुरीने त्याची पातळ ढलपी काढायची. तळहातावर ठेवली की आधी काहीच होत नाही, मग कडा पारदर्शक होतात, आणि चोळलं की ती एकदम विरघळून जाते, कारण हे तेल साधारण अंगाच्या उष्णतेलाच वितळतं. वास जवळजवळ नाहीच. कोपराच्या परीक्षेत उतरलं, मग मानेला लावलं, मग चेहऱ्याला. कोकणात पिढ्यान् पिढ्या टाचांच्या भेगांना लावतात ते हे तेल. गिरगाव-दादरला कोकणी मेव्याच्या दुकानांत मागितलं तर मिळतं. मी ते मनापासून सुचवते, अर्थात तुमच्या कोपराला विचारून.

पण हे हिवाळ्याचं. मुंबईचा पावसाळा आला की अंगावर कुठलंही जड तेल नको. घाम, दमट कपडे आणि त्यावर तेलाचा थर, यात बुरशीचं फावतं आणि शिबं, गजकर्ण सुरू होतात. जून ते सप्टेंबर मी ताज्या कोरफडीचा गर लावते. पान कापून आधी थोडा वेळ उभं ठेवायचं, कापलेल्या टोकातून पिवळा चीक गळून जाऊ द्यायचा, तो कातडीला जाचतो. मग धुऊन गर काढायचा. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे टाकून द्यायचा. जिथे पाणी तिथे जंतू वाढणारच, आणि या हवेत फारच वेगाने. म्हणूनच पाणी असलेलं विकतचं क्रीम 'प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री' आहे याने मला समाधान वाटत नाही. यादीत सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट यांसारखं प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं तर मी घाबरत नाही.

घरातल्या दोन गोष्टी मात्र चेहऱ्यावर नकोतच, लिंबू आणि खाण्याचा सोडा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी, तिचा पीएच पाचच्या आसपास, सोडा त्याच्या विरुद्ध. दोन्ही स्वयंपाकघरातच राहू द्या. आणि उन्हासाठी घरगुती तेलावर विसंबू नका, खोबरेल सनस्क्रीनचं काम करत नाही. मी झिंक ऑक्साइडचं, सुगंध नसलेलं, किंचित रंगीत सनस्क्रीन वापरते. रंगीत अशासाठी की नुसत्या झिंकने आपला सावळा चेहरा राखाडी दिसतो.

लेबल वाचायची सवय लागली ती किराण्यापर्यंत पोचली. तिथे परिस्थिती पुष्कळ बरी आहे. सेंद्रिय अन्नासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे, २०१७चे नियम आहेत आणि पाकिटावर सेंद्रिय अन्नाचं अधिकृत चिन्ह असतं. त्यामागे एनपीओपी (बाहेरची संस्था तपासते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेती तपासतात) यांपैकी एक प्रमाणीकरण असतं. हे चिन्ह अन्नासाठी आहे, क्रीमसाठी नाही. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, तिथे ओळख आणि विश्वासच. आम्ही सगळंच सेंद्रिय घेऊ शकत नाही, महिन्याचं गणित बसत नाही. डाळी आणि तांदूळ घेतो, भाजी जमेल तशी.

आता भाचीचं लग्न आहे. मेंदीचा रंग चढावा म्हणून तयार कोनात निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल घालतात, आणि लवंगेचं तेल म्हणजे माझं युजेनॉल. काळ्या मेंदीचा तर प्रश्नच नाही, तिच्यात बहुतेकदा पीपीडी हे केसांच्या काळ्या रंगातलं रसायन असतं, ते कुणीच कातडीला लावू नये. मेंदीवालीला मी आधीच फोन केला. ती म्हणाली, "काकू, तुमचा कोन वेगळा भिजवते, नुसती मेंदी, साखर आणि चहाचं पाणी. रंग जरा फिका येईल, चालेल?" चालेल म्हटलं. उद्या तिच्याकडून बोटभर मिश्रण आणणार आहे, कोपरावर लावून बघायला.